प्रस्तावनेतली आई

देवपूर, धुळे
१२ जानेवारी २०२५

प्रिय चेलना,

सोबतच्या गठ्ठ्याला घाबरू नकोस. कुरियरवाल्याने वजन करताना विचारलं, मॅडम, आत काय, मिरच्या का? मी म्हटलं, आंघोळ. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तर हे माझं पुस्तक, 'सूर्यास्तापर्यंत'. प्राचीन यहुदी लोक कशाने अपवित्र होत आणि कशाने पवित्र, यावर धुळ्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारी बौद्ध बाई अर्धं आयुष्य घालवते आणि जळगावचं जैन घराणं ते छापायला निघतं. तुमचे महाराजसाहेब दीक्षा घेतल्यावर आंघोळ करत नाहीत, पाण्यातल्या जीवांना त्रास नको म्हणून. त्यांच्याच भक्ताच्या, म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या ग्रंथमालेतून आंघोळीवर ग्रंथ येणार. बाबूजींना हे अजून सुचलं नसेल, तर तू सुचवू नकोस.

फोनवर बोलू म्हणतेस, पण तुझ्या फोनला कायम कोणीतरी टेकून उभं असतं. आपलं कागदावरच बरं. वसतिगृहात एका खोलीत राहून आपण चिठ्ठ्यांवर भांडायचो, तेव्हाही तू माझ्या चिठ्ठीतल्या चुका दुरुस्त करूनच उत्तर द्यायचीस. संपादक व्हायचं तुझ्या कपाळी तेव्हाच लिहिलेलं होतं.

सातवं प्रकरण सावकाश वाच. त्या लोकांत अपवित्र म्हणजे पापी नव्हे. बापाला मूठमाती देणारा मुलगाही अपवित्रच, आणि न देणारा मात्र नालायक. प्रेताचा विटाळ मोठा, त्याला राख मिसळलेल्या पाण्याचा शिडकावा लागे. पण रोजच्या विटाळाला साधा उपाय. दगडात कोरलेल्या कुंडात पायऱ्या उतरायच्या, पावसाच्या नाहीतर झऱ्याच्या पाण्यात डोक्यासकट बुडी मारायची आणि सूर्य मावळायची वाट बघायची. मावळला की संपलं. सकाळी तू काय होतास, हे कोणी विचारायचं नाही. ते लोक काही संत नव्हते. पुरोहित त्यांच्यातही जन्मानेच ठरत, आणि बायकांना नियमांचा काच होताच; तेही मी लपवलेलं नाही. पण अपवित्रतेला मुदत होती, चेलना. मी या विषयात पडले ती त्या मुदतीपायी.

पुस्तकभर तुझी लाल शाई हवी तेवढी सांड. प्रस्तावनेला मात्र स्वल्पविरामापलीकडे हात लावू नकोस. ती आईची आहे. गावच्या हापशाबद्दल ती आजवर कधी बोलली नव्हती. यंदा दिवाळीत ज्वारी निवडता निवडता एकदम बोलली. तिने पाणी भरलं, की मागची बाई दांडा राखेने घासून धुऊन घ्यायची, मगच हात लावायची. रोज. आईसमोर. मी विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, "लिख. पन खरं लिख."

तसं लिहिलंय. शेवट असा केलाय: 'यहुदी माणूस आंघोळ करून मावळतीची वाट बघे. आमच्या गावातही सूर्य रोज मावळत होता. माझ्या आईसाठी तो कधीच मावळला नाही.'

आईला अजून ऐकवलेलं नाही. बसच्या, दुकानांच्या पाट्या ती वाचते. पुस्तक वाचून दाखवावं लागतं. प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसवून ऐकवीन. ती तुझी आठवण काढते. तुझ्यासाठी बिनलसणाचा ठेचा करणारी ती खानदेशातली एकमेव बाई असेल.

तुझी,
मृणाली

·

पिंप्राळा, जळगाव
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मृणू,

गठ्ठा मिळाला आणि घरात पुस्तकाचा विषय निघाला. सासूबाईंना एक पान वाचून दाखवलं. 'वाहतं, जिवंत पाणी सर्वांत पवित्र' हे ऐकल्यावर त्यांनी माळ खाली ठेवली. आमच्याकडे पाणी गाळायचं, उकळायचं, त्यात जिवंत काही राहू द्यायचं नाही. आणि तुझे यहुदी जिवंत पाण्यातच उतरतात. त्या म्हणाल्या, बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नसेल. तरी रोज विचारतात, पुढे काय झालं त्या लोकांचं?

बातमी अशी की बाबूजींनी होकार दिला. सासूबाईंचा वर्षीतप चालू आहे, एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण, असं वर्षभर. त्याचं पारणं आखाजीला, अक्षय्य तृतीयेला आहे. त्या दिवशी उसाचा रस घेऊन उपास सुटेल आणि आलेल्या प्रत्येकाला प्रभावना म्हणून स्टीलच्या डब्यासोबत तुझं पुस्तक मिळेल. हजार प्रती. मराठी लेखकाच्या हजार प्रती एका दिवसात घरोघरी गेल्याचं तू कधी ऐकलंयस?

नावाबद्दल बाबूजी जरा अडले. मंगल कार्याला मावळतीचं नाव कसं, म्हणाले. शिवाय आमच्याकडे सूर्यास्त म्हणजे ताट उचलायची वेळ. त्यांना 'शुचितेचा महिमा' सुचलंय. तू हसणार, मला माहीत आहे. हसून झालं की विचार कर.

प्रस्तावना मी गच्चीवर पापड वाळत घालताना वाचली. खारे पापड आणखी खारे झाले. एकच विचारते, गावाचं नाव घालायलाच हवं का? साक्री तालुका म्हटलं तरी पुरे नाही का? आणि तो हापसा नेमका कोणाच्या दारात होता गं?

आईंना नमस्कार.

तुझी,
चेलना

·

देवपूर, धुळे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय चेलना,

हसून झालं. 'शुचितेचा महिमा' हे नाव एखाद्या साबणाला शोभेल. पण सासूबाई वर्षभर उपाशी राहून पारणं करणार आणि मी एका नावासाठी अडून बसणार, हे बरं दिसत नाही. ठेव. आत काय आहे ते वाचणाऱ्याला कळेलच.

हापसा धनसिंग आबांच्या वाड्यासमोर होता. अजून आहे. आता नळ आलेत, त्यामुळे हापशाला कोणी विचारत नाही, समता आपोआप प्रस्थापित झाली आहे. मला गावाची बदनामी करायची नाही. गावाचं नाव काढ. हापसा काढू नकोस.

त्या राखेची गंमत आठव्या प्रकरणात आहे, ती बाबूजींना सांग. तांबडी कालवड जाळून तिची राख पाण्यात मिसळत आणि प्रेताला शिवलेल्यावर ते पाणी शिंपडत. ज्याच्यावर पाणी पडलं तो शुद्ध. पण राख गोळा करणारा अशुद्ध, पाणी हाताळणारा अशुद्ध. दुसऱ्याला शुद्ध करायला जाणाऱ्याला स्वतःचे कपडे धुवावे लागत. मोठमोठे पंडित या नियमापुढे हात टेकत. मला तो फार आवडतो. तो आपल्याकडे लागू केला, तर निम्म्या समाजसुधारकांना रोज धोबी लावावा लागेल.

मुद्रितं कधी पाठवतेस?

मृणाली

·

पिंप्राळा, जळगाव
३० मार्च २०२५

प्रिय मृणू,

पत्राला फार उशीर झाला. पारण्याची तयारी, पाहुण्यांच्या याद्या, मांडव, केळीच्या खांबांसाठी रावेरला फोन, यात दिवस कुठे जातो कळत नाही. मुद्रितं तुला पाठवायला वेळच उरला नाही, छापखान्याने फारच घाई केली. मीच शेवटपर्यंत वाचली. पानं जरा जास्त होत होती, म्हणून थोडं इकडेतिकडे आवरलं. तू निर्धास्त राहा. तुझी भाषा कुठे हललेली नाही. वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्य तुझंच वाटेल.

आणखी एक आनंदाची गोष्ट. बाबूजी म्हणाले, लेखिकेबरोबर लेखिकेच्या आईचाही सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि आहेराची साडी. आईंना कुठला रंग आवडतो? सकाळी गाडी पाठवते, बसने येऊ नका.

प्रमुख पाहुणे अजून ठरायचेत.

तुझी,
चेलना

·

देवपूर, धुळे
३ मे २०२५

चेलना,

पारणं छान झालं. रस गोड होता. सासूबाईंनी वर्षभराचा उपास सोडताना चांदीच्या पेल्यातला पहिला घोट घेतला, तेव्हा सगळ्या मांडवाचे डोळे भरले, माझेही. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही.

तू कुठे होतीस? निवेदिका हेमांगीताई माईकवर होत्या, तुझे यजमान रोनकभाऊ पाहुण्यांना टिळे लावत होते. सत्काराच्या वेळी मी तुला शोधलं, तू स्वयंपाकाच्या बाजूला गेलीस म्हणाले. वसतिगृहात चहासुद्धा उतू घालवणारी तू, नेमक्या त्याच वेळी तुझं स्वयंपाकात काय अडलं होतं?

प्रमुख पाहुणे धनसिंग आबा. तू 'ठरायचेत' लिहिलंस तेव्हा ते ठरलेले होते, कारण मांडवात हातात आलेल्या पत्रिकेवर त्यांचा फोटो आहे आणि खाली छापल्याची तारीख मार्चची. ते स्टेजवर चढले, तेव्हा आईने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, हाऊ तोच शे. मी म्हटलं, असू दे, आज त्यांना ऐकावं लागेल. मला आनंद झाला होता, चेलना. मला वाटलं, हे तूच मुद्दाम घडवून आणलंयस.

मग हेमांगीताईंनी पुस्तक उघडून प्रस्तावना वाचायला घेतली. आई कान देऊन ऐकत होती. तुला पाठ असेलच, तरी लिहिते: 'माझी आई शेवंताबाई हापशावर नेहमी सर्वांत शेवटी जात असे. आपल्यामुळे दुसऱ्याचं पाणी बाटू नये, ही जाण तिला उपजतच होती. पाणी भरून झालं, की ती स्वतःच्या हाताने दांडा राखेने घासून ठेवी. तो लखलखणारा दांडा हाच माझ्या अभ्यासाचा पहिला धडा.'

टाळ्या पडल्या. धनसिंग आबांनी आईच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, ही आमच्या गावची माउली. आई शाल सांभाळत उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तेव्हाच माईक का ओढला नाही, असं मनात येईल तुझ्या. सासूबाईंच्या हातात पेला होता म्हणून. तुमच्या घरात हे गणित पक्कं बसवता येतं. कोण कुठल्या क्षणी बोलू शकणार नाही, तो क्षण बघून सत्कार ठेवायचा.

सातवं प्रकरण नाही. सहाव्यानंतर थेट कालवड येते. मी घरी येऊन पानं उलटली, तर आकडे मात्र ओळीने लावलेले. मावळतीचा शब्द अख्ख्या पुस्तकात कुठे उरलेला नाही, माझे यहुदी आता बुडी मारून तसेच ओले उभे आहेत.

हे मी सोसलं असतं. ग्रंथमालेचं पुस्तक आहे, बाबूजींचा पैसा आहे, मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. पण परत येताना आम्ही गाडी नाकारून एसटीने निघालो. पारोळ्याला एसटी थांबली. आई खिडकीकडे बघत म्हणाली, "तुले मन्ही लाज वाटनी का वं?"

मी सांगितलं, ते मी लिहिलेलं नाही. ती म्हणाली, वर नाव तं तुन्हं शे.

आणि तिचं काय चुकलं? 'लखलखणारा दांडा' हे वाक्य वाईट नाही. ते माझंच वाक्य आहे, फक्त मी लिहिलेलं नाही. माझा श्वास कुठे तुटतो, मी क्रियापद कुठे ठेवते, हे जगात एका माणसाला माहीत आहे. बाबूजींच्या सात पिढ्यांना ते जमलं नसतं.

मला खुलासा नको, दुसरी आवृत्ती नको. एक कर. धुळ्याला ये. आईसमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग, की आई, ते मी लिहिलं. एवढंच. तुझा आवाज ती ओळखते. माझ्या तोंडून ते तिला खरं वाटत नाही.

तीन दिवस फोन करते आहे. तू उचलत नाहीस.

मृणाली

·

पिंप्राळा, जळगाव
१४ मे २०२५

प्रिय मृणू,

तुझं पत्र मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं. घरात तेवढी एकच जागा माझी आहे. तू मला काय काय म्हणाली असशील, ते मला तू न लिहिताही ऐकू आलं.

जे झालं ते सांगते. आमच्या डाळीच्या गिरणीला तूर आबांच्या भागातून येते, बाबूजी त्यांना भाऊ मानतात. हापसा कोणाचा, ते तू लिहिलंस, आणि मी मूर्खासारखं घरात बोलून गेले. बाबूजी संतापले नाहीत. ते कधीच संतापत नाहीत. म्हणाले, पारण्याला कोणाचं मन दुखायला नको, मन दुखवण्यातही हिंसा असतेच. प्रस्तावना जरा सौम्य करा. त्यांनी ती एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे द्यायची ठरवली होती. त्या गृहस्थांनी एक परिच्छेद लिहूनही आणला, 'माता शेवंतामाई' असा. मला ते वाचवेना. मी म्हटलं, मीच करते, निदान भाषा तरी तुझी राहील. मृणू, मी ती तुझ्यासाठी वाचवायला गेले.

गावाचं नाव काढ म्हणालीस, काढलं. हापसा काढू नकोस म्हणालीस, नाही काढला.

मूळ प्रस्तावना ठेवली असती, तर पुस्तकच निघालं नसतं. आता ते हजार घरांत आहे. आईंना शाल मिळाली, आणि तीही त्याच माणसाच्या हातून. एका बाजूने बघितलं तर हा न्याय नाही का? सासूबाई तर सांगतात, सत्कारात सगळ्यांत साधी आणि सोज्वळ तीच बाई दिसली.

बाबूजी म्हणतात, काही चूक राहिली असेल तर शिल्लक प्रतींना शुद्धिपत्र चिकटवू. त्यात सातव्या प्रकरणाचा सारांश दोन ओळींत देता येईल.

धुळ्याला येणं आता जमणार नाही. पारण्यानंतर सासूबाईंना नरम वाटतंय. रोनक विचारेल, एकाएकी धुळ्याला कशाला. आणि मी काय सांगू? बाबूजींना कळलं, की हे संपादनाचं कामही बंद. मग घरात मला पापड आहेतच. फोनवर आईंचा आवाज ऐकला, तर मला बोलता येणार नाही, म्हणून उचलत नाही.

तू मागितलंस ते मी लिहून देते. आईंच्या नावाची चिठ्ठी सोबत आहे. त्यात काही लपवलेलं नाही. तू त्यांना वाचून दाखव.

तुझीच,
चेलना

·

(सोबतची चिठ्ठी)

आई,

मी चेलना. तुमच्याकडे कळण्याची भाकरी खाल्लेली, हॉस्टेलवरची. मांडवात जे वाचलं गेलं ते मृणूने लिहिलेलं नाही, मी लिहिलं. तिने खरं लिहिलं होतं. मागची बाई दांडा धुऊन घ्यायची, असं लिहिलं होतं. ते मी खोडलं आणि उलटं केलं. धुणारीचा हात पुसला आणि त्या जागी तुमचा ठेवला. तिला याची कल्पना नव्हती. तिला तुमची लाज कधीच वाटली नाही, लाज मला वाटायला हवी होती. तिच्यावर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर.

तुमची,
चेलना

·

देवपूर, धुळे
१ जून २०२५

सौ. चेलना ओस्तवाल यांस,

तुमची चिठ्ठी मिळाली. ती उत्तम आहे. 'धुणारीचा हात पुसला आणि त्या जागी तुमचा ठेवला' हे वाक्य वाचून मी थांबले. इतकं नेमकं मलाही सुचलं नसतं, किंवा मलाच सुचलं असतं. आता मला फरक सांगता येत नाही.

सांगितल्याप्रमाणे वाचून दाखवली. आई दाराशी बसून ज्वारी निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने ऐकून घेतलं. एकदा ऐकलं, मग म्हणाली, ते हाताचं पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग तिने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. तुमचं अक्षर तिने कधी पाहिलेलं नाही. खाली तुमचं नाव आहे, ते मी बोट ठेवून दाखवलं. नाव वर असलं काय आणि खाली असलं काय, नावाचं काय असतं, हे तिला आखाजीला कळलंय.

तिने विचारलं, चेलना काबर नही ऊनी? मी म्हटलं, सासूला बरं नाही. हे सांगताना माझं मलाच ते बनावट वाटलं. जळगाव ते धुळे केवढं अंतर, तासातासाला बस सुटते. भाकरी खायला यायची ती पोरगी चूक सांगायला येत नाही आणि कागद पाठवते, हे तिच्या हिशेबात बसेना.

मी शेजारच्या यशोदाबाईंना बोलावून त्यांच्याकडूनही चिठ्ठी वाचून घेतली. आईने तीही ऐकली. यशोदाबाई गेल्यावर माझ्याकडे बघून हसली. मी लहानपणी परीक्षेचे गुण लपवायचे, तेव्हा हसायची तशी.

"चांगलं लिखेल शे," म्हणाली. "तूच लिखं ना?"

मी नाही म्हटलं. पुन्हा म्हटलं. शपथ घ्यायची तेवढी राहिली. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, मी कोनले सांगस नही. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सूप पुढे ओढलं. न केलेल्या गोष्टीची माफी मला मिळून गेली आहे, आणि तिच्यापुढे बोलायला माझ्याकडे आता एकही शब्द उरलेला नाही, कारण कुठलाही शब्द मीच चांगला लिहिलेला ठरेल.

शुद्धिपत्र चिकटवू नका. शिल्लक प्रती पुढच्या पारण्याला वाटा. मला पत्र लिहू नका. वाचणारीला ते माझंच वाटेल.

चिठ्ठी परत पाठवणार होते, पण ती माझ्याकडे नाही. आईने घडी करून शालीच्या आत ठेवली आहे. लेकीने आपल्याला लिहिलेलं पहिलं पत्र आहे, म्हणते.

मृणाली बैसाणे